एडीएचडीच्या गोळीला गुण येतोय का, हे मोजायचं कसं

डॉक्टर विचारतात, “काही फरक?” आदल्या दिवशी पाहुण्यांसमोर पोरगं शहाण्यासारखं वागलेलं असलं तर आपण म्हणतो, “खूप फरक आहे.” सकाळी निघतानाच कंपासपेटीवरून रडारड झालेली असली तर, “कसला फरक, आहे तसंच चाललंय.” महिनाभराचा हिशेब असा शेवटच्या एका दिवसावर निघतो, आणि त्यावर डोस वाढतो किंवा कमी होतो.

माझी नोकरीच मापं घेण्याची. नाशिकला अंबड एमआयडीसीत एका कारखान्याच्या मेट्रोलॉजी लॅबमध्ये आहे. दिवसभर शाफ्ट, बुश, गिअर. लेक पाचवीत, सेमी इंग्रजी, दुपारची शाळा. त्याला एडीएचडी आहे, म्हणजे लक्ष टिकत नाही आणि एका जागी बसवत नाही, आणि त्यासाठी तो मिथिलफेनिडेट हे औषध घेतो. मी डॉक्टर नाही. डोस किती असावा हा माझा प्रांत नाही आणि वाचणाऱ्यांचाही नाही. पण गोळी सुरू झाल्यावर काय लिहायचं, कधी, कुणी आणि कशावर, हे घरच्यांनाच करावं लागतं. त्यातलं जे कामाला येतं ते इथे मांडते.

आधी, एवढा खटाटोप कशाला? अमेरिकेत एमटीए नावाचा मोठा अभ्यास झाला, १९९९ मध्ये तो प्रसिद्ध झाला. ७ ते ९ वर्षांची ५७९ मुलं, १४ महिने, चार गट. एकाला देखरेखीखाली औषध, दुसऱ्याला वर्तनाचं प्रशिक्षण, तिसऱ्याला दोन्ही, आणि चौथ्याने आपापल्या नेहमीच्या डॉक्टरकडे जायचं. चौथ्या गटातल्या सुमारे दोन तृतीयांश मुलांनाही औषध चालूच होतं. पालक-शिक्षकांच्या प्रश्नावलीत ० ते ३ असे गुण असतात. त्यांची सरासरी १ किंवा त्याखाली आली तर मूल चांगलं सुधारलं असं धरलं. अशी मुलं दोन्ही उपचारांच्या गटात ६८ टक्के निघाली, नुसत्या औषधाच्या गटात ५६, वर्तनाच्या ३४, आणि चौथ्या गटात २५. ५६ आणि २५ मधलं अंतर बघा.

हे अंतर कशामुळे? औषधाच्या गटात पहिले २८ दिवस रोज वेगळा डोस, मध्येच काही दिवस औषध नसलेली तशीच दिसणारी गोळी, आणि रोज पालकांचे आणि शिक्षकांचे गुण. त्याचा आलेख काढायचा. आलेख पाहणाऱ्या डॉक्टरांनाही कोणती रेघ कोणत्या डोसची हे माहीत नसायचं. त्यांनी सगळ्यात चांगली रेघ निवडायची आणि मगच तो डोस कोणता ते बघायचं. पुढे दर महिन्याला अर्ध्या तासाची भेट आणि शाळेकडून खबर. शिवाय गोळ्या दिवसातून तीनदा होत्या, चौथ्या गटातल्यांना बहुधा दोनदा, आणि डोसही जरा जास्त होते. त्यामुळे सगळं श्रेय आलेखाला देत नाही. पण डोस तिथपर्यंत पोचला तो मोजल्यामुळेच.

गोळीच्या आधीचे दोन आठवडे

मायक्रोमीटर शून्यावर आहे का हे न बघता घेतलेलं माप आमच्या लॅबमध्ये कुणी वाचतसुद्धा नाही. इथे शून्य म्हणजे गोळी सुरू होण्याआधीचे दोन आठवडे. डॉक्टरांनी चिठ्ठी दिली की घाई होते, ते साहजिक आहे. तरी “आधी दोन आठवडे नोंद करू का?” असं विचारा, तातडी नसेल तर डॉक्टर नाही म्हणत नाहीत.

आठवडे साधे निवडा. गणपतीत नको, घटक चाचणीत नको, शाळा सुरू झाल्याच्या पहिल्या पंधरवड्यात तर नकोच. जूनच्या शेवटी सगळीच मुलं बसायला शिकत असतात. त्या काळात गोळी सुरू केली तर जुलैत दिसणारा फरक गोळीचा की शाळेच्या सवयीचा, कोण सांगणार?

या दोन आठवड्यांत लक्षणांची प्रश्नावली (कोणती ते पुढे येतंय) दोनदा भरा, एकदा नव्हे. आपण डॉक्टरकडे जातो ते सगळ्यात वाईट दिवस आल्यावर. पुढचे दिवस आपोआपच थोडे बरे असतात. त्यामुळे दुसऱ्यांदा भरलेले गुण काहीही न करता खाली येतात, हे या प्रश्नावल्यांबाबत चांगलंच माहीत आहे. पहिलाच आकडा आरंभ धरला तर ती घसरण गोळीच्या नावावर जमा होते.

पोटदुखी, डोकेदुखी, नखं खाणं, डोळे मिचकावणं, झोप यांचीही नोंद आताच करा. पुष्कळ मुलांना एडीएचडीबरोबर झोप लागण्याचा त्रास आधीपासूनच असतो. नंतर सासूबाई म्हणतात, “गोळीने पोराची झोप गेली.” वहीत दिसतं की पोराचा डोळा आधीही पावणेअकराच्या आत लागत नव्हता.

काय मोजायचं

“लक्ष” मोजता येत नाही, आणि “शहाणपण” तर त्याहून नाही. तीन-चार गोष्टी निवडा ज्या बाहेरच्या माणसाला दिसतील आणि मोजता येतील. फळ्यावरची किती उदाहरणं वहीत उतरली. गृहपाठाला बसल्यापासून दप्तर बंद होईपर्यंत किती मिनिटं. वर्गात किती वेळा नाव घेऊन हाक मारावी लागली. पाण्याची बाटली, पट्टी, स्वेटर यातलं आठवड्यात काय काय हरवलं. मुलाला स्वतःला काय खुपतं हेही विचारा आणि त्यातलं एक घ्या. आमच्याकडे उत्तर आलं, “क्रिकेटमध्ये मला कुणी घेत नाही.” मग संध्याकाळी खेळातून भांडून परत आला का, हो की नाही, हा एक रकाना झाला.

माझा सगळ्यात भरवशाचा आकडा गणिताच्या कागदाचा. ही कल्पना संशोधकांचीच आहे. गोळी दिवसभरात किती तास चालते हे बघायला ते मुलांना एका प्रयोगशाळेतल्या वर्गात दिवसभर बसवतात आणि ठरावीक तासांनी १० मिनिटांचं सोपं गणित देतात. किती सोडवली आणि किती बरोबर आली, एवढंच मोजतात. १९३७ साली चार्ल्स ब्रॅडली या अमेरिकी डॉक्टरने मुलांना बेन्झेड्रीन (एक प्रकारचं अ‍ॅम्फेटामिन) दिलं तेव्हाही ३० पैकी १४ मुलांचा शाळेतला अभ्यास एकदम सुधारला होता. मुलंच म्हणे त्यांना गणिताच्या गोळ्या म्हणायची.

घरी असं करा. मुलाला आधीपासून येत असलेली गणितं घ्या. पाचवीच्या मुलाला तिसरी-चौथीची. दोन अंकी हातच्याची वजाबाकी चांगली. शिकण्याची परीक्षा घ्यायची नाहीये, टिकून राहण्याची घ्यायची आहे. एका पानावर १० मिनिटांत संपणार नाहीत इतकी गणितं हवीत. आकडे बदलून तेवढ्याच कठीण सात-आठ पानांचा गठ्ठा आधीच करून ठेवा, म्हणजे पाठ होत नाही. टेबल तेच, पेन्सिल टोक केलेली, टीव्ही बंद. मोबाइलचा टायमर लावून मोबाइल पालथा ठेवा. मध्ये “अरे, लिही ना” म्हणायचं नाही. हे मला सगळ्यात कठीण जातं. पोरगं पेन्सिलीच्या टोकाकडे बघत बसलं की जीभ चावून गप्प बसावं लागतं. वेळ संपली की किती केली आणि किती बरोबर, दोन आकडे वहीत. शाबासकी दोन्ही वेळी सारखीच.

असा कागद आठवड्यातून दोनदा पुरे, पण नेहमी गोळीनंतर तेवढ्याच वेळाने.

घड्याळ

ही गोष्ट पालकांना कुणी सांगितली नाही तर बाकी सगळी नोंद वाया जाते. साधी मिथिलफेनिडेटची गोळी अर्ध्या ते एक तासात लागू होते आणि तीन-चार तासांत उतरते. लांब चालणाऱ्या प्रकारांपैकी काही १०-१२ तास जातात. दुपारच्या शाळेतल्या मुलाला सकाळी आठला साधी गोळी दिली तर शाळेची घंटा होईपर्यंत ती संपलेली असते. बाई म्हणतात काही फरक नाही, आणि त्या खरंच बोलतायत. आई म्हणते सकाळी फार छान अभ्यास करतो, आणि तीही खरंच बोलते.

म्हणून प्रत्येक नोंदीशेजारी दोन वेळा हव्यात: गोळी कधी घेतली आणि निरीक्षण कधीचं आहे. गोळी उतरताना काही मुलं तासभर चिडकी, रडवेली होतात. ते रोज त्याच सुमाराला दिसलं तर डॉक्टरांना वेळेसकट सांगा. डोसच्या वेळा बदलून त्यावर काही करता येतं. नुसतं “संध्याकाळी फार त्रास देतो” म्हटलं तर गोळी कमी पडतेय असाही अर्थ निघतो.

अ‍ॅटोमॉक्सेटिन या एडीएचडीच्या दुसऱ्या औषधाचं गणित वेगळं. ते रोज घेत राहिलं की त्याचा परिणाम हळूहळू वाढत जातो. पूर्ण गुण दिसायला चार-सहा आठवडे, कधी त्याहून जास्त लागतात. तिथे तासांची नोंद करण्यात अर्थ नाही, आठवड्यांची करा, आणि दुसऱ्या आठवड्यात निराश होऊन निकाल लावू नका.

आमच्या वहीतली एक ओळ, जशीच्या तशी (कार्ड म्हणजे शाळेतल्या बाईंनी दिलेले गुण, ते पुढे येतंय): “मंगळवार. गोळी ११:४०, वरणभातानंतर. कार्ड: सुट्टीआधी १, १, ०, सुट्टीनंतर २, २, १. डबा: अर्धी पोळी परत, भाजी संपली. साडेसहाला चिडचिड, अर्धा तास. दिवा १०:००, झोप १०:५०. इतर: पीटीत पाय मुरगळला.” शेवटचा रकाना सोडू नका. पाय मुरगळला, सर्दी झाली, पाहुणे आले, मॅच होती. दोन महिन्यांनी आलेखात एखादा ठिपका वेडावाकडा दिसला की उत्तर तिथेच सापडतं.

बाईंचं कार्ड

शाळेचं मत सगळ्यात मोलाचं आणि मिळवायला सगळ्यात अवघड. वर्गात ५०-६० मुलं. बाईंच्या हातात ४३ प्रश्नांचा कागद दर आठवड्याला दिला तर पहिल्यांदा मन लावून भरतील, तिसऱ्यांदा सगळीकडे एकच आकडा येईल. मी पोस्टकार्डाएवढा जाड कागद केला. त्यावर तीन ओळी: काम पूर्ण केलं का, जागेवर होता का, दुसऱ्याच्या मध्ये बोलला का. समोर दोन रकाने, मोठ्या सुट्टीआधी आणि सुट्टीनंतर. गुण ० ते ३, शून्य म्हणजे काहीच तक्रार नाही. वीस सेकंदांचं काम. कार्ड मुलाकडे दिलं तर ते हरवणारच, त्याच्या आजाराचं नावच ते आहे. म्हणून डायरीच्या आतल्या प्लास्टिकच्या खिशात स्टेपल करायचं.

कार्डावर औषधाचा शब्दही नको. दोन कारणं. शाळेत “डोक्याची गोळी” हा शब्द एकदा पसरला की तो पुसता येत नाही. आणि बाईंना गोळी सुरू झाल्याची तारीख कळली की त्यांना फरक दिसायला लागतो. त्यात त्यांचा दोष नाही, सगळ्या माणसांचं असंच होतं. बाईंना निदान माहीत असावं, उपचार चालू आहेत हेही; डोस कधी बदलला ते मात्र महिनाअखेरीला सांगावं. हे मी त्यांना आधीच विचारून ठेवलं होतं आणि त्या हसून म्हणाल्या, “बरंय, मला परीक्षकच करा.”

खोटी गोळी देऊन बघण्याचा मोह काहींना होतो. एकाच माणसावर औषध आणि खोटी गोळी आलटून पालटून देऊन पाहण्याची पद्धत आहे खरी. कॅनडातल्या गॉर्डन गायट यांनी १९८६ मध्ये ती नीट मांडली, आणि एडीएचडीत ती चांगली लागू पडते कारण साधी गोळी एका दिवसात शरीरातून निघून जाते. पण ती डॉक्टर आणि फार्मासिस्ट मिळून करतात. घरी कॅप्सूल उघडणं, लांब चालणारी गोळी फोडणं, पोराला फसवून काही तरी देणं हे करू नका. लांब चालणारी गोळी फुटली तर तिच्यातलं तासागणिक सुटायचं औषध एकदम सुटू शकतं.

महिन्यातून एकदा मात्र मोठी प्रश्नावली हवी. व्हॅन्डरबिल्ट नावाच्या प्रश्नावलीत पालकांसाठी ५५ आणि शिक्षकांसाठी ४३ प्रश्न असतात. स्नॅप-फोर या दुसऱ्या प्रश्नावलीतले एडीएचडीचे १८ प्रश्न घेतले तरी भागतं. मराठी प्रत डॉक्टरांकडे असली तर तीच वापरा. नसली तर एकदा केलेलं भाषांतर पुन्हा पुन्हा तसंच वापरा, दर महिन्याला शब्द बदलू नका. भरणारा माणूसही तोच हवा.

आणि आई-बाबा-बाई यांची सरासरी काढू नका. १९८७ मध्ये अकेनबाक आणि सहकाऱ्यांनी पुष्कळ अभ्यास एकत्र करून पाहिलं, तर पालक आणि शिक्षक अशा वेगवेगळ्या ठिकाणच्या माणसांच्या मतांमधला सहसंबंध जेमतेम ०.२८ निघाला (१ म्हणजे पूर्ण जुळणं, ० म्हणजे अजिबात नाही). प्रत्येक जण वेगळ्या वेळचं, वेगळ्या जागेचं मूल बघतो. आमच्या घरात सासूबाईंना गोळी मुळातच पसंत नाही आणि नवऱ्याला पहिल्या दिवसापासून चमत्कार दिसतोय. दोघांची सरासरी काढली तर कुणाचंच मत उरत नाही. तीन रेघा तीन रंगांत काढा.

गप्प बसणं म्हणजे गुण येणं नव्हे

१९७७ साली स्प्रेग आणि स्लेटर यांचा एक लेख सायन्स या नियतकालिकात आला. त्यांनी मुलांना मिथिलफेनिडेटचे दोन डोस दिले, किलोमागे ०.३ आणि १ मिलिग्रॅम. लक्षात ठेवण्याच्या कामात मुलं ०.३ वर सगळ्यात चांगली होती. शिक्षकांनी सगळ्यात चांगले गुण मात्र १ मिलिग्रॅमला दिले. पुढच्या प्रत्येक अभ्यासात हे असंच दिसलं असं नाही, पण धडा मोलाचा आहे: वर्गाला सोयीचा डोस आणि मुलाला शिकायला सोयीचा डोस एकच असेल असं धरून चालू नका.

म्हणून कार्ड आणि गणिताचा कागद दोन्ही हवेत. कार्डावर सगळे शून्य, “आता अगदी गुणी झालाय” असा बाईंचा निरोप, आणि त्याच आठवड्यात गणिताची संख्या खाली, पोरगं संध्याकाळी खेळायलाही निघत नाही, विनोदावर हसत नाही: असं चित्र दिसलं तर डॉक्टरांना फोन करायचा, भेटीच्या तारखेची वाट बघायची नाही. आमच्या डॉक्टरांनी असं चित्र बघून डोस एक पायरी खाली आणला, आणि कार्डावरचे शून्य जाऊन एक आले. मला ते एक जास्त आवडतात.

मुलाला रोज एकच प्रश्न विचारा, गोळी चालू असताना: “आज डोकं कसं आहे?” एक ते पाच. कारण तो सांगेल तर लिहा, नाही तर आकडा पुरे.

शरीराचे आकडे

इथे मतांना जागा नाही, फक्त वजनकाटा. इंग्लंडमध्ये उपचारांबद्दल मार्गदर्शन काढणाऱ्या नाइस संस्थेच्या २०१८ च्या मार्गदर्शनात १० वर्षांपर्यंतच्या मुलांचं वजन दर तीन महिन्यांनी, त्याहून मोठ्या मुलांचं सुरुवातीला तीन आणि सहा महिन्यांनी आणि मग दर सहा महिन्यांनी, उंची सहा महिन्यांनी, नाडी आणि रक्तदाब डोस बदलण्याआधी आणि नंतर, शिवाय दर सहा महिन्यांनी, असं सांगितलंय. मी वजन महिन्याला घेते: रविवारी सकाळी, काही खाण्याआधी, त्याच काट्यावर, चड्डी-बनियनवर. उंचीला मूल भिंतीला टाच लावून उभं आणि डोक्यावर जाड पुस्तक काटकोनात. दोनदा मोजायचं, दोन्ही आकडे जुळले तरच लिहायचं. आकडे भारतीय बालरोग अकादमीच्या २०१५ च्या वाढीच्या तक्त्यावर टाकायला डॉक्टरांना सांगा. एमटीएतच तीन वर्षांनी औषध नव्याने सुरू केलेली मुलं औषध न घेणाऱ्यांपेक्षा सरासरी २ सेंटिमीटर बुटकी आणि २.७ किलो हलकी दिसली होती. घाबरायला नको, पण मोजायला हवं.

डब्यात काय परत आलं हा भुकेचा रोजचा आकडा. दुपारी भूक मरते, रात्री उघडते. आमच्याकडे रात्री नऊला दडपे पोहे लागतात, ते वहीत येतात.

नाडी बसून पाच मिनिटं झाल्यावर, पूर्ण मिनिट मोजून. रक्तदाब क्लिनिकमध्ये, लहान मुलाचा पट्टा लावूनच. मोठ्या माणसाच्या पट्ट्याने लहान दंडाचा आकडा खोटा येतो.

काही गोष्टी वहीत लिहून थांबायच्या नसतात: छातीत दुखणं, चक्कर येऊन पडणं, नसलेलं दिसणं किंवा ऐकू येणं, “मला जगायचंच नाही” असं बोलणं. ताबडतोब डॉक्टर. अ‍ॅटोमॉक्सेटिनवर तर मुलांमधल्या आत्महत्येच्या विचारांबद्दल अमेरिकेत २००५ पासून ठळक इशारा छापलेला असतो.

गोळ्यांचीही मोजणी ठेवा. मिथिलफेनिडेट आपल्याकडे शेड्यूल एक्समध्ये, म्हणजे कडक नियंत्रणातल्या औषधांच्या यादीत येतं. चिठ्ठी दोन प्रतींत लागते आणि एक प्रत मेडिकलवाला दोन वर्षं ठेवतो. म्हणजे किती गोळ्या घरात आल्या हे लेखी असतंच. महिनाअखेरीला पाकिटात किती उरल्या ते मोजा. जास्त उरल्या असतील तर “औषध काम करत नाही” म्हणण्याआधी ते तोंडात किती वेळा गेलं हे बघा.

कॉम्प्युटरवरच्या चाचण्या

काही मोठ्या क्लिनिकमध्ये अशा चाचण्या मिळतात. पडद्यावर अक्षरं येत राहतात, ठरलेलं अक्षर सोडून बाकी प्रत्येकाला बटण दाबायचं. किती सुटली, किती वेळा नको तिथे दाबलं, आणि प्रतिसादाची वेळ किती खालीवर झाली, हे यंत्र मोजतं. शेवटचा आकडा मला फार आवडतो: एडीएचडीत सरासरी वेळेपेक्षा वेळेतली चढउतार जास्त बोलकी असते, आणि आमच्या लॅबमध्येही सरासरी नव्हे, पसाराच बघतात. क्यूबीटेस्ट नावाच्या स्वीडिश चाचणीत डोक्याला पट्टी बांधून इन्फ्रारेड कॅमेऱ्याने हालचालही मोजतात. नाइसने २०२४ मध्ये ६ ते १७ वयात निदानाला मदत म्हणून ती वापरायला हरकत नाही असं म्हटलं. औषधाचा गुण तपासण्यासाठी मात्र आणखी संशोधन हवं असं सांगितलं.

माझं मत: मिळाली तर करा, दोनदा करा, एकदा गोळीआधी आणि एकदा गोळी जोरात असताना, दिवसाच्या त्याच वेळी. पण फीसाठी पोटाला चिमटा काढू नका. थंडगार खोलीत पंधरा-वीस मिनिटं बटण दाबणं आणि साठ मुलांच्या वर्गात दुपारी चार वाजता भूगोल ऐकणं यांत फार अंतर आहे.

आलेख वाचायचा कसा

चौकटीचा कागद घ्या. आडवे दिवस, उभे गुण. जिथे डोस बदलला तिथे उभी लाल रेघ. एका वेळी एकच गोष्ट बदला. गोळी, नवी शिकवणी आणि मोबाइलबंदी एकाच सोमवारी सुरू केली तर कुणाला कशाचं श्रेय द्यायचं?

आता रेघेच्या डावीकडचा सगळ्यात चांगला ठिपका शोधा आणि त्यातून पट्टीने आडवी रेघ ओढा. उजवीकडचे किती ठिपके तिच्याहून चांगले आहेत? दहातले आठ-नऊ असतील तर गुण उघड आहे, वाद नको. निम्मेच असतील तर अजून थांबा किंवा डोसचा विचार डॉक्टरांना करू द्या. दोन-तीनच असतील तर गुण नाही, एखादा दिवस कितीही सोन्याचा गेला असला तरी. एका दिवसाचा ठिपका कधीच निकाल नसतो, शेवटच्या दिवसाचा तर नाहीच.

डॉक्टरांकडे वही नेऊ नका, त्यांना वाचायला वेळ नसतो. एक पान न्या: आलेख, वजन-उंची-नाडी, गोळ्या किती चुकल्या, आणि खाली तुमचा एक प्रश्न.

मोठ्या माणसांसाठी दोन शब्द

माझा भाऊ पुण्यात आयटीत आहे. भाच्याचं निदान झाल्यावर त्याने स्वतःचं करून घेतलं. जागतिक आरोग्य संघटनेची एएसआरएस ही १८ प्रश्नांची यादी तो महिन्याला भरतो आणि वहिनी त्याच्याबद्दल वेगळी भरते, त्याची न बघता. मोठ्यांत ही दुसरी यादी फार गरजेची. २०१३ च्या एका अभ्यासात निरोगी तरुणांना अ‍ॅम्फेटामिनच्या (हेही एडीएचडीचं औषध) गोळ्या दिल्या, तर चाचण्यांतला फरक नगण्य आणि “आज माझं काम फार छान झालं” ही भावना मात्र जोरात. उत्साह वाटणं वेगळं, काम होणं वेगळं. त्यामुळे भाऊ मोजतो ते असं: किती बिलं दंडासह भरली, ऑफिसच्या मीटिंगला किती वेळा उशीर, किल्ल्या शोधण्यात गेलेली सकाळ. त्याचा रक्तदाबाचा रकाना वहिनीच सांभाळते.

वर्षातून एकदा

औषध अजून लागतं का हे दरवर्षी बघावं, आणि त्यासाठी डॉक्टर काही दिवस गोळी थांबवूनही बघू शकतात. हे मे महिन्याच्या सुट्टीत करून उपयोग नाही. आंब्याच्या दिवसांत कुणाचं लक्ष मोजायचं? शाळेच्या साध्या आठवड्यांत करा, तेच कार्ड, तोच गणिताचा गठ्ठा, बाईंना तारीख न सांगता. गोळी कोणत्या दिवशी थांबवायची आणि परत कधी सुरू करायची, दोन्ही तारखा डॉक्टरांकडून लेखी घ्या आणि त्या कॅलेंडरवर नव्हे, वहीच्या शेवटच्या पानावर लिहा. कॅलेंडर बाई बघत नाहीत, पण सासूबाई बघतात.